आमच्या लाईनच्या ताई

चाकणच्या आमच्या कंपनीत गाड्यांचं वायरिंग बनतं. आधीचे सुपरवायझर पाठीशी उभे राहून ओरडायचे, बाथरूमला गेलेल्या बाईची मिनिटं मोजायचे, म्हणून आम्ही पाणीसुद्धा घोटभरच प्यायचो. त्यांच्या जागी आलेल्या ताई आमच्यासारख्याच लाईनवर काम करून सुपरवायझर झालेल्या. चष्मा कपाळावर सारून त्या विचारतात, "काय अडलंय गं?" आणि पूर्ण ऐकल्याशिवाय हलत नाहीत. कुणाला उठायचं असलं की तिच्या स्टुलावर स्वतः बसतात.

एकदा त्या अशाच सुनीताच्या जागी बसल्या होत्या, तेवढ्यात मोठे साहेब आले.

"सुपरवायझर स्टुलावर? मीटिंगला चला, लगेच."

"येते की सर. सुनीता बाथरूमला गेलीय, ती आली की उठते." ताईंचे हात चालूच होते.

"आणि तिला उशीर झाला तर?"

"मग मलाबी होईल. पण तिला घाई न्हाई करायला लावणार."

साहेब तिथेच उभे राहिले. त्यांना पाहून सुनीता धावतच आली.

"सावकाश," ताई म्हणाल्या आणि तिला नीट बसवून मगच साहेबांबरोबर गेल्या.

त्या दिवसापासून मी कामावर पोटभर पाणी प्यायला लागले.