सनाची वेगळी थाळी

हमीदाखालाचं रात्रीचं जेवण सकाळच्या चहाबरोबरच शेगडीवर चढायचं. बड्याचं, म्हणजे म्हशी-रेड्याचं गोश्त, गाजर, सलगम, बटाटे आणि खाली जेमतेम धुगधुगणारे निखारे. भिवंडीतल्या आमच्या चाळीत तिचं दार आमच्या दाराला लागून होतं. आम्ही आगरी, मासळीवर जीव टाकणारे. बड्याचं आमच्यात चालत नाही. खालाने कधी वाटी पुढे केली नाही आणि आम्ही कधी नाक मुरडलं नाही. गॅस घे म्हटलं की ती म्हणायची, "गॅस पे पकता है बेटा, गलता नहीं. गोश्त को फुरसत दो."

तिच्या घरी पातेलं एकच आणि सगळे त्याच्याभोवती. "अलग थाली पराये की," हा तिचा कायदा. घरात तिच्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती.

मग तिची लहानगी नात सना खंगायला लागली. डॉक्टरांनी गहू बंद केला, तोही कायमचा. सुनेने सनासाठी वेगळं पातेलं काढलं. खालाने ते उचलून माळ्यावर टाकलं आणि गव्हाच्या पिठाचा डबा आमच्या ओट्यावर आणून ठेवला. सालन दाट करायला गव्हाऐवजी तांदळाचं पीठ आलं. रोटी गेली, भाकरी आली. ती थापायला माझ्या आईने शिकवली. खालाचा मुलगा, सनाचा बाप, लूमवरची शिफ्ट संपवून यायचा आणि ताटाकडे बघून कुरकुरायचा. खालाला तेवढ्यापुरतं कमी ऐकू यायचं.

तरी सनाचं पोट बिघडतच राहिलं. खाला धास्तावली. एकदा मी आणि खाला गिरणीत गेलो होतो. आमच्या आधी कुणाचा तरी गहू दळून झाला आणि त्याच चक्कीत खालाचे तांदूळ ओतले गेले. पीठ पडताना खाला बघत राहिली. पहिलं पीठ आधीच्या गव्हाचं, पिवळसर होतं.

"या अल्ला, मैं ही खिला रही थी," ती म्हणाली. डबा तिथेच टाकून ती घरी आली.

संध्याकाळी ती आमच्या दारात उभी राहिली. आईकडे माहेरचं, अंजूरचं, दगडी जातं होतं. "ताई, पहले बोल देती हूँ. चावल का आटा बडे के सालन में जाएगा. ना बोलोगी तो बुरा नहीं मानूँगी."

आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नाची हळद त्या जात्यावर दळली होती. आईने जात्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता नाही म्हणणार.

"ने," आई म्हणाली. "जल्मात गहू न्हाय लागला त्याला, आमी तांदलाची मानसं. पीठ पुढं कुठं जातंय ते जात्याला कशाला इचारायचं?"

सनाचे गाल भरले. खाला रोज स्वतः दळायची, कुणाला हात लावू द्यायची नाही.

काही वर्षांनी खाला झोपेतच गेली. मला फार पोरकं वाटलं. चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला गावाकडचे पाहुणे आले, त्यातला एक रोटीसाठी अडून बसला. खालाचा तोच कुरकुरणारा मुलगा शांतपणे म्हणाला, "अम्मी के घर में मेरी बच्ची अलग नहीं खाती."

आत भाकरीला पीठ कमी पडलं होतं. माझी आई, जिने त्या घरात कधी पाण्याचा घोटही घेतला नव्हता, पदर खोचून जात्यापुढे बसली आणि सनाला म्हणाली, "टाक तांदूल."