टेपवर न आलेले होकार

छापलेली यादी माझ्या टेबलावर ठेवून मोरिता-सेन्सेई तसेच उभे राहिले. साठ शब्दांपैकी एकेचाळीस शब्दांपुढे 'उत्तर नाही' असं आलं होतं.

"परांजपे-सान, तुमचा प्रोग्रॅम एकदा बघता का?"

जपानी प्रोफेसर एवढं बोलले, म्हणजे आपल्याकडची आरडाओरडच समजायची.

नव्वदच्या दशकातली, जपानमधल्या त्सुकुबातली गोष्ट. नवऱ्याला तिथे रिसर्चचं काम होतं. मी पुण्याची कॉम्प्युटरची डिग्री घेऊन एका भाषा-प्रयोगशाळेत अरुबाइतो, म्हणजे पार्ट-टाइम नोकरी करत होते. ग्रीनलंडची भाषा आणि तिच्या कॅनडातल्या इनुइट भाषाभगिनी, यांचा शब्दकोश कॉम्प्युटरवर चढवायचा होता. त्यासाठी खास ग्रीनलंडहून साठीच्या आमालियाबाई आल्या होत्या. सेन्सेई जुन्या यादीतला एकेक शब्द वाचून विचारायचे, "हा तुमच्याकडे वापरतात का?" शेजारी टेप चालू असायची. नंतर विद्यार्थी ती ऐकून हो, नाही किंवा उत्तर नाही, यातली एक की दाबायचे. खात्री झाली नाही तर शब्द कोशातून बाद. ते एकेचाळीस शब्द बहुतेक सीलच्या शिकारीचे, बाईंच्या वडिलांच्या रोजच्या बोलण्यातले. आणि बाई परवा परत जाणार होत्या.

मी सकाळभर प्रोग्रॅम उलटासुलटा तपासला.

"प्रोग्रॅम चोख आहे, सेन्सेई. या शब्दांना टेपवर बाईंचा आवाजच नाही."

"मग त्यांना आठवत नसेल. पुन्हा विचारून त्यांना संकोचात टाकायला नको."

मला काही पटेना. शिकाऱ्याची लेक शिकारीचे शब्द विसरेल?

चहाच्या वेळी मी घरचा चिवडा बाईंपुढे ठेवला. "आवडला?" असं मोडक्या इंग्रजीत विचारलं. बाई बोलल्या नाहीत, नुसत्या भुवया उंचावल्या. मला वाटलं, चकित झाल्या. पण त्यांनी आणखी मूठभर घेतला.

"तिखट लागतोय का?"

त्यांनी नाक मुरडलं आणि खातच राहिल्या.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. कारण याच ऑफिसात मी 'हो' म्हणून आपल्याकडच्यासारखी आडवी मान डोलावली की सेन्सेई ते 'नाही' समजून सगळं पहिल्यापासून समजावून सांगायचे! बाईंच्या भुवया म्हणजे हो, नाक म्हणजे नाही. थेट विचारलं, तर बाईंनी पुन्हा भुवयाच उंचावल्या, आणि मग आम्ही दोघी खदखदून हसलो.

सेन्सेईंना सांगितलं, तर त्यांचे कान लाल झाले. "वडीलधाऱ्या बाईंच्या तोंडाकडे टक लावून कसं बघायचं? मी कागदाकडेच बघत होतो."

दुसऱ्या दिवशी सेन्सेईंनी खाली मान घालून शब्द वाचले. मी बाईंच्या समोर कीबोर्ड घेऊन बसले आणि त्यांच्या चेहऱ्यावरून नजर हलवली नाही. अडतीस हो, तीन नाही. एका शब्दाला मात्र त्या मोठ्याने म्हणाल्या, "हा बाबांचा."

अडतीसच्या अडतीस शब्द कोशात छापले गेले. परदेशात मी पुष्कळ कामं केली, पण अभिमान वाटतो तो याच कामाचा, आणि तो मी लपवत नाही.

अजूनही कुणी सिस्टिममधला 'उत्तर नाही'चा कॉलम दाखवला की मी प्रोग्रॅम नंतर उघडते. आधी विचारते, "प्रश्न विचारला तेव्हा समोर कोण बघत होतं?"