डावी कात्री

शिवणमावशी मागेल त्याला वस्तू द्यायची, पण गोड तोंडाने कधीच नाही.

तिची शिडी एक पायरी गमावून परत आली. इस्त्री आली ती तळाला कुणाचा तरी नायलॉनचा झगा चिकटवून. जादाचं शिलाई मशीन चर्चच्या पाळकांनी मंडळीतल्या बायकांच्या वर्गासाठी नेलं, ते परत आलंच नाही. दर वेळी मावशीच्या तोंडाचा पट्टा दोन दिवस चालायचा आणि तिसऱ्या दिवशी कुणी दारात आलं की ती पुन्हा आत जाऊन हवी ती वस्तू काढून आणायची. नवरा म्हणायचा, द्यायचंच आहे तर हसून दे, नाहीतर देऊ नकोस. ती म्हणायची, द्यायला प्रभूने सांगितलंय, हसायला नाही. बाप्तिस्म्याच्या दिवशी चारचौघांत ती म्हणून बसली होती की जे माझं ते माझं नाही. तेव्हा ती वीस वर्षांची होती आणि तिच्याकडे काहीच नव्हतं, त्यामुळे म्हणणं सोपं गेलं. पण दिलेला शब्द मोडणाऱ्यांतली ती नव्हती, हाच सगळा वैताग.

एक वस्तू मात्र तिच्याकडे कुणी मागितली नव्हती. तिची कापडाची कात्री. मावशी डावखुरी, आणि कात्रीही डावखुऱ्यांसाठीच घडवलेली, उलट्या पात्यांची. शिकाऊ असताना ती उजवी कात्री डाव्या हाताने रेटायची. पाती फाकायची, कापड मध्येच दुमडायचं आणि अंगठ्याच्या मुळाशी फोड यायचा. दुकानातला म्हातारा मास्तरही डावखुरा होता. नजर अधू झाल्यावर त्याने आपली कात्री तिच्यापुढे आपटली आणि निघून गेला. उजव्या हाताच्या माणसाला ती निरुपयोगी. मावशीने मनोमन ठरवून टाकलं होतं की एवढी एक गोष्ट देवाने मागण्याच्या यादीतून वगळली आहे.

त्या रविवारी पाळक म्हणाले, जे आहे ते उघड्या मुठीत धरा. मावशी नवऱ्याच्या कानाशी पुटपुटली, उघड्या मुठीत कात्री धरून दाखव म्हणावं. उपासना संपली. महिन्यापूर्वी मंडळीत आलेली एक बाई वहीत नाव लिहायला टेबलाशी वाकली. दोन मुलं घेऊन एकटी राहायची, मागच्या गल्लीत कपडे शिवायची. तिने पेन डाव्या हातात घेतलं.

मावशीने मान फिरवली. पुढचे तीन रविवार ती मागच्या दाराने बाहेर पडली. एवढ्या जगात डावखुरी शिंपीण पाठवायला देवाला नेमकी हीच मंडळी सापडावी, याचा तिला मनस्वी संताप आला होता. त्यात तिच्या टेबलावर शाळेचे चाळीस एप्रन कापायचे पडले होते.

चौथ्या आठवड्यात, सोमवारी, ती बाई स्वतःच आली. मागायला नाही. कॉलर नीट बसत नाही, एवढंच विचारायला. मावशीने कापड उजेडात धरलं.

"हे कापलंय की उंदराने कुरतडलंय?"

"माझा हातच वाईट आहे, मावशी."

"दाखव हात."

अंगठ्याच्या मुळाशी फोड होता. एक फुटलेला, त्याच्या शेजारी नवा. मावशीने त्या फोडाशेजारून अंगठा फिरवला. मग उठली, कात्री आणली आणि मास्तराने आपटली होती तशीच टेबलावर आपटली.

"हात वाईट नाही, कात्री चुकीची आहे. ही उचल. गुरुवारी सकाळी परत आण. कागद कापलास तर याद राख."

बाईने टेबलावरच्या चिंधीवर कात्री चालवून पाहिली. कापड सरळ दुभंगलं. तिने चिंधी उलटून पुन्हा एकदा कापली.

तीन दिवस मावशीने उजव्या कात्रीने एप्रन कापले. जुन्याच जागी फोड आला. मुलं त्या कात्रीने पुठ्ठा कापत असणार, डबे उघडत असणार, अशी चित्रं ती रंगवत बसली. नवऱ्याला तर तिने सांगूनच टाकलं की तिची पाती करवतीसारखी होऊन येतील आणि मग बघ मी काय बोलते ते.

गुरुवारी सकाळी बाई आली. कात्री मऊ फडक्यात गुंडाळलेली होती. मावशीने ती उजेडात धरली, पात्यावरून नख फिरवलं, स्क्रू तपासला. कुठे खाच नव्हती. स्क्रूला तेल होतं. मागे कधीतरी तिच्याच हातून पडून वाकलेलं टोक कुणाकडून तरी सरळ करून आणलं होतं.

इतक्या वर्षांत तिची वस्तू पहिल्यांदाच दिली त्याहून चांगली होऊन परत आली होती. बोलायला जागाच उरली नाही. पुन्हा न द्यायलाही.

"निदान थोडी गंजवून तरी आणायचीस," मावशी म्हणाली. बाई गोंधळून उभीच राहिली, तेव्हा मावशीने फडकं घडी करून तिच्या अंगावर फेकलं.

"हे विसरू नकोस. सोमवारी कात्री न्यायला लागेल."