सुनेचं स्थळ बघणारी मार्था मावशी

सुनेसाठी स्थळ बघत फिरणारी सासू मी आयुष्यात एकच पाहिली. धरमपेठेतल्या माझ्या वकिलीच्या ऑफिसात मार्था मावशी पहिल्यांदा आल्या, तेव्हा त्यांच्या मागे चाळिशीतला एक घामाघूम गृहस्थ उभा होता. त्यांनी आधी त्याला खुर्चीत बसवलं आणि मग स्वतः बसल्या.

"हा प्रकाश. कळमेश्वरच्या कारखान्यात फोरमन हाय. बायको वारली बिचाऱ्याची. माह्या सुनेले पसंत करून राहिला. आता कायद्याचं तेवढं तू पाय."

"आणि सुनेची पसंती?"

"तिले कुठं ठाऊक हाय अजून!" मावशी म्हणाल्या. प्रकाशने खिशातून रुमाल काढून पुन्हा कपाळ पुसलं.

सून वंदना औषधाच्या दुकानात कामाला होती. हा माणूस खोकला नसताना खोकल्याच्या गोळ्या घेतो, हे मावशींनी दुकानात दोन चकरा मारूनच हेरलं होतं. "माझं काही म्हणणं नाही, पण ऐक," अशी त्यांची सुरुवात असे. त्यानंतर समोरच्याने अर्धा तास तोंड उघडायचं नाही. त्या दिवशीही मी उघडलं नाही.

मावशींचा एकुलता एक मुलगा सायमन, वंदनाचा नवरा, बारा वर्षांपूर्वी कामासाठी रायपूरला म्हणून गेला. काही महिने फोन आले, मग नंबर बंद झाला. पोलिसांत तक्रार झाली, नातेवाइकांना विचारून झालं. कुठेच पत्ता नाही. ख्रिस्ती मुलाशी लग्न केलं म्हणून वंदनाच्या माहेरच्यांनी तिचं नाव टाकलेलं. त्यामुळे या दोघीच एकमेकींना उरल्या. मावशी रविवारी चर्चमध्ये जात, वंदना संध्याकाळी देवापाशी दिवा लावी, आणि स्वयंपाकघरातून मावशींचा आवाज येई, "तुह्या देवाचा दिवा विझून राहिला वं, तेल टाक!"

सात वर्षं नवरा दिसला नाही की लग्न आपोआप संपतं, अशी मावशींची पक्की समजूत होती. त्या भरवशावर त्यांनी हॉलची चौकशीसुद्धा करून ठेवली होती. मी कपाळावर हात मारला. "मावशी, बारा काय, वीस वर्षं झाली तरी कोर्टाच्या हुकमाशिवाय ती सायमनचीच बायको. दुसरं लग्न केलं तर ते रद्दच ठरायचं."

"अरे बाप्पा! पळाला तो, अन् लग्न रद्द हिचं?"

पुढच्या वेळी त्या वंदनाला घेऊन आल्या. गोळ्यांचं गुपित ऐकून ती आधी लाजली आणि मग चिडली. "आईंना सोडून मी कुठे जाऊ?"

"मी कुठं सुटून राहिली? हुंड्यात सासू घेऊन जाय म्हणलं त्याले. कबूल हाय तो."

मग मी दोघींना नीट समजावलं. दोघांपैकी कोणी धर्म बदलला नव्हता, लग्न विशेष विवाह कायद्याखाली नोंदवलेलं होतं; तेव्हा घटस्फोटही त्याच कायद्याने मिळणार. वाटा दोन. नवरा दोन वर्षांपेक्षा जास्त काळ विनाकारण सोडून गेला, ही एक. पण मुद्दाम सोडून गेला हे दाखवावं लागतं, आणि ज्याचा मागमूसच नाही त्याच्या मनातलं दाखवणार कसं? दुसरी वाट म्हणजे ज्यांना त्याची खबर सहज लागायला हवी अशा माणसांना तो जिवंत असल्याचं सात वर्षांत काहीच कळलेलं नाही. "दोन्ही मुद्दे मांडू. पण भिस्त दुसऱ्यावर. आणि त्यात सगळ्यात मोठी साक्ष आईची."

मावशींनी खुर्ची मागे सरकवली.

"पळपुटा म्हणीन. नालायक म्हणीन. पण पोरगा मेला, असं मी नाही म्हणणार."

"मेला म्हणायचं नाहीच आहे मावशी. फक्त खबर नाही, एवढंच सांगायचं."

"एकच झालं," म्हणून त्या उठून गेल्या. वंदना मागे थांबली. "राहू द्या ताई. त्यांना त्रास देऊन मला संसार नको." मला दोघींचाही राग आला आणि दोघींसाठी वाईटही वाटलं. शेवटी वंदनाची समजूत काढून, तिची सही घेऊन अर्ज मी दाखल केलाच.

कोर्टाने सायमनच्या नावाने वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायला सांगितली. ती छापून आली त्या सकाळी मावशी पेपर घेऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे फिरल्या. "पाहा, माह्या पोराचं नाव छापून आलं! आता कुठंही असला तरी वाचेलच तो." कोर्टात यायला त्या आनंदाने तयार झाल्या. साक्षीसाठी नव्हे, तर सायमन येणार म्हणून.

तारखेला इस्त्रीची साडी नेसून आल्या. हातात डबा, डब्यात कोथिंबीर भरलेली सांबारवडी. "आला तं आधी कानाखाली, मग वडी," त्यांनी मला बजावलं.

शिपायाने दारात येऊन सायमनच्या नावाचा पुकारा केला. मावशी ताडकन उठल्या. व्हरांड्यातून माणसं येत होती, जात होती. दुसरा पुकारा झाला. "माझं काही म्हणणं नाही गा, पण जरा जोरानं बोलाव." शिपाई बिचारा जिन्यापर्यंत गेला आणि असा ओरडला की अख्खा मजला वळून बघायला लागला. कोणी आलं नाही. मावशी हळूच खाली बसल्या.

वंदनाने त्यांचा हात धरला. "आई, चला घरी. मला काही नको."

मावशींनी हात सोडवला आणि सरळ आत जाऊन साक्षीला उभ्या राहिल्या. शपथ झाली. मुलाची काही खबर, असं न्यायाधीशांनी विचारलं.

"नाही साहेब. पोलिसाले सांगतलं, पेपरात छापलं, आता तुमचा शिपाई बी ओरडला. खबर नाही. तो जिता हाय असं मले वाटते. मी माय आहो, मी वाट पाहीन. ते माह्यं काम हाय, हिचं नाही. हिले मोकळं करा."

मी फायलीत डोकं घालून डोळे पुसले. वकिलाने रडलेलं चांगलं दिसत नाही. बाहेर प्रकाश खांबाआड उभा होता. मावशींनी डबा त्याच्या हातात दिला. "खाय, गार झाल्या." तो उभ्या उभ्या खात होता आणि वंदना त्याला पाण्याची बाटली देत होती.

यथावकाश हुकूम झाला. अपिलाची मुदत संपेपर्यंत लग्न करता येत नाही हे सांगितल्यावर मावशींनी मला मनसोक्त बोलून घेतलं. मग रजिस्टर लग्न झालं आणि तिघं कळमेश्वरला निघाली.

सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा मी निरोप द्यायला गेले. मावशी शेजारी, वाणी, पोस्टमन, चर्चचे फादर, ज्याला त्याला नव्या पत्त्याची चिठ्ठी देत सुटल्या होत्या. मलाही दिली. मी म्हटलं, "मावशी, पत्ता मला पाठ आहे."

"तुह्यासाठी नाही वं." त्यांनी माझी मूठ मिटवली. "सायमन आला तं सांगजो त्याले, तुही माय लेकीच्या सासरी राहाते."