धमनीची कोरी भिंत

माफ करा, मी काही लेखक नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि आमची इंदूरची मराठी तर अर्धी हिंदीच. तरी लिहितो, कारण माझ्या त्या आकृतीबद्दल सगळे बोलले, मीच काय ते बोललो नाही.

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी मला चितळाच्या वाढत्या शिंगाचे काप मिळाले होते. वाढतं शिंग मखमली कातड्याखाली रक्तानं भरलेलं असतं. त्यातल्या धमन्यांना मज्जातंतू कसे पोचतात, हे काप रंगवून बघायचं होतं. शिंगाच्या बुडाशी, कपाळाच्या कातड्यात, धमनीभोवती बारीक काळे धागे स्वच्छ दिसले. वर शिंगात मात्र तंतूंचे जुडगे धमनीच्या शेजारून निघून जात होते. भिंतीत एकही शिरत नव्हता. म्हणून आकृतीत मी भिंत कोरी काढली.

माझे गाइड सर म्हणाले, "रंग नीट चढलेला नाही. धमनी म्हटली की तंतू असणारच. तंतूंचे ठिपके दे तिथे."

"सर, त्याच स्लाइडवर खाली कातड्यात तर चढलाय."

"अच्छा! आता तू मला शिकव."

बाहेर एक सीनियर हसत उभा होता. "अरे भिया, आकृत्या आम्ही सगळ्यांनी पुस्तकातूनच उतरवल्या. चार ठिपके मार, सही घे, चल पोहे खायला."

पोहे खाल्ले. ठिपके दिले नाहीत.

बाबा सांवेर रोडच्या कारखान्यात काम करतात. जेवताना म्हणाले, "सर सांगतात तर दे ना बेटा. तुझं काय जातंय?"

"दिसलं नाही ते कसं काढू, बाबा?"

"मग बस घरी."

सही मिळाली नाही, माझं वर्ष गेलं. बरोबरचे पास झाले. मी तुकोगंजमध्ये शिकवण्या घेऊ लागलो. पण सरांच्या मागे लागून उरलेले काप दुसऱ्या शहरातल्या पशुवैद्यकीय कॉलेजात पाठवायला लावले. दर आठवड्याला विचारायचो. ते वैतागायचे. मी तरी विचारायचोच.

काल शिकवणी चालू असतानाच सरांचा फोन आला.

"त्यांनी वेगळ्या पद्धतीनं रंगवलं. कपाळात तंतू आहेत. शिंगातल्या धमनीच्या भिंतीत त्यांनाही दिसले नाहीत. आकृती घेऊन ये, सही करतो."