पालीचा कूलर

"बोल ना! तोंडात का कोंबलं तुह्या? कूलर कोनं फिरवला?"

कूलरमध्ये पाणी भरायचा रबरी पाइप राजदीपने दुमडून हातात धरला होता. बायकोच्या, रिनाच्या पाठीवर तो आधीच उतरला होता, तिच्या ब्लाउजवर ओले पट्टे उमटले होते. भिंतीला चिकटून ती म्हणाली, "मिनं नाई फिरवला."

"मंग पालीनं फिरवला का? उठली अन् फिरवला?"

पाइप पुन्हा उतरला. या वेळी दंडावर.

राजदीपची आई रुखमा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. कूलर तिनेच फिरवला होता. दिव्यानीच्या पाठीवर घामोळ्या उठल्या होत्या, पाळण्यात पडून पोर रडून रडून निळी पडत होती. नातीकडे वारा जावा म्हणून रुखमाने कूलरचं तोंड काचेच्या पेटीवरून पाळण्याकडे वळवलं. पोरीचा डोळा लागला आणि कूलर परत फिरवायचं तिच्या ध्यानातून गेलं. मिनं फिरवला, एवढेच दोन शब्द बोलायचे होते.

पेटी टेबलावर होती. आत राजदीपची पाल, पिवळी, अंगभर काळे ठिपके, शेपूट गाजरासारखं जाड. त्याने ती हैदराबादहून आणली होती, नाव ठेवलं होतं रानी. विकणाऱ्याने पेटी उबदार ठेवायचा दिवाही दिला होता. तो फक्त थंडीत लागे. चंद्रपूरला मार्चपासून सगळा खटाटोप उलटा. पेटीच्या पाठीला ओलं पोतं, तळाशी माठाखालची गार रेती, पालीला दडायला खापराचा तुकडा आणि समोर कूलर. काचेला चिकटवलेल्या तापमापकाच्या काट्यावर बत्तीसच्या वर आकडा गेला की रिनाची खैर नसे. पोतं ओलं ठेवायचं काम तिचं. कामावरून आला की राजदीप आधी काटा पाही, मग चपला काढी. पालीशी बोलताना त्याचा आवाज असा मऊ होई की बुद्धपौर्णिमेला विहारात बाया रुखमाला म्हणाल्या होत्या, "तुह्या पोराची मुक्या जीवावर लई माया आहे वो."

आज काटा एकोणचाळीसवर होता. पाल काचेला पोट लावून, तोंड वासून पडली होती.

"मरून राह्यली ते! दिसते का तुले?" राजदीपने रिनाची वेणी हाताला गुंडाळली. "तापनं का असते, तुलेही कळलं पाहिजे."

त्याने तिला ओढत अंगणात नेलं. दुपारचं ऊन सिमेंटच्या फरशीवर पांढरं पडलं होतं. रिनाच्या पायात चपला नव्हत्या.

"इथी उभी राह्य. मी म्हनीन तवा आत ये."

रिना या पायावरून त्या पायावर होऊ लागली. तशी त्याने उंबऱ्यातूनच तिच्या पोटऱ्यांवर पाइप मारला. "नाच नोको!"

रुखमाचा हात आपोआप माठाकडे गेला. तांब्या भरला. हे तिला शिकवावं लागत नव्हतं. ती मूल तालुक्यातल्या धानाच्या गावातून या घरात आली, तेव्हा नवरा सोमाजी कोळशाच्या खाणीत कामाला होता. उन्हाळ्यात तो तिला हातात सापडेल त्याने मारी, आणि मारून दमला की सासू त्याच्याच डोक्यावर गार पाणी ओते. "उन्ह बाधते त्याले," सासू म्हणे. रुखमाच्या फुटलेल्या ओठाकडे कोणी पाहत नसे. पुढे सासू गेली, तांब्या रुखमाच्या हाती आला. सोमाजीही गेला. राजदीपने लग्नानंतर पहिल्यांदा रिनावर हात उगारला तेव्हा रुखमाच म्हणाली होती, "बापावर गेला. डोकं तापते त्याचं. तूच जरा समजून घे."

तांब्या घेऊन ती राजदीपजवळ आली. त्याने सवयीने डोकं पुढे केलं.

अंगणात रिनाने एक पाऊल उचललं होतं. तळव्याची कातडी सुटून फरशीला चिकटली होती. ती ओरडत नव्हती. पाळण्यातली पोर उठेल म्हणून पदराचा बोळा दातांत धरून उभी होती.

रुखमा मुलाला वळसा घालून पुढे गेली आणि तांब्या रिनाच्या पायांवर रिता केला. फरशीने पाणी बघता बघता पिऊन टाकलं.

"आई! कोनाले पानी देऊन राह्यली?"

"कूलर मिनं फिरवला," रुखमा म्हणाली. "पोरीसाठी. रिना तवा मोरीत होती. चाल वो, आत चाल."

तिने रिनाच्या काखेत हात घातला. राजदीपने दोघींना उंबऱ्यातच गाठलं. आईला मारायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती, म्हणून हात क्षणभर अडखळला. मग त्याने तिला ढकललं, बापासारखंच, छातीवर तळवा ठेवून. ती फिरून आत कलंडली आणि कूलरच्या पत्र्याचा कोपरा तिच्या कपाळात घुसला. डोळ्यात रक्त उतरलं. दिव्यानी किंचाळत उठली. रिनाने पोरीला उचललं आणि फोड आलेल्या पायांनी स्वयंपाकघरात जाऊन आतून कडी घातली.

राजदीप पाइप घेऊन त्या दाराकडे वळला. रुखमाने टेबलावरची काचेची पेटी दोन्ही हातांनी उचलून डोक्याच्या वर धरली.

"एक पाऊल टाक," ती म्हणाली.

तो जागीच थांबला. चेहरा पांढरा झाला. "आई, तिले काई करू नोको. तिची का चूक आहे?"

"अन् रिनाची का होती?"

त्याची नजर पेटीवरच होती.

"पाइप फेक."

पाइप अंगणात जाऊन पडला. रुखमाने पेटी खाली ठेवली. पोत्यावर पाणी मारलं आणि कूलरचं तोंड पेटीकडे केलं. ती तिथून हलली नाही. काटा हळूहळू उतरू लागला. पालीने तोंड मिटलं आणि ती खापराखाली सरकली.

तेव्हा कुठे रुखमाने पदराने डोळ्यातलं रक्त पुसलं. कडीमागच्या रिनालाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात ती बोलली.

"घर तुह्या बापानं माह्या नावावर केलं आहे. रिना अन् पोरगी इथी राहतीन. आताच गाडी बोलावतो, रिनाचे पाय दवाखान्यात दाखवाचे आहेत. कोनं केलं म्हनून डॉक्टरनं इचारलं तर मी तुहं नाव सांगीन. तू कपडे भर, पालीची पेटी घे. पन आता निघू नोको, जनावर उन्हात मरीन. उन्ह उतरलं का जा."