अक्कांचा वाटा

अक्का कुणाच्याही दारात उभ्या राहिल्या की चप्पल काढायच्या आधीच "चहा ठेवू नका" म्हणायच्या आणि मग तास-दीड तास बसायच्या. चहा दोनदा व्हायचा.

कोल्हापूरच्या वेशीबाहेर आम्ही नऊ कुटुंबांनी मिळून जागा घेतली आणि एका अंगणाभोवती नऊ घरं बांधली. स्वयंपाकघर एक, बोअर एक, पाहुण्यांची खोली एक. अक्का गडहिंग्लजकडच्या. नवऱ्यामागं त्यांनी पंचवीस वर्षं किराणा दुकान चालवलं, ते विकून आमच्यातलं सगळ्यात लहान घर घेतलं. हिशेब तोंडी. लिहायची वेळ आलीच तर आकडे कानडी वळणाचे, त्यांचा सात आम्हाला कधी धड वाचता आला नाही.

पहिल्या वर्षी सामाईक खर्चाचे नऊ सारखे भाग केले. तिथंच बिनसलं. सहा माणसांचं एक घर आणि एकट्या राहणाऱ्या नर्सबाईंचं एक, दोघांना एकच रक्कम. त्यात बाई निम्मे दिवस ड्यूटीवरच जेवायच्या. मग माणशी वाटणी केली, तर पोराबाळांची घरं चिडली. एका बैठकीत आवाज इतके चढले की दोघांनी घर विकायची भाषा केली. अक्का तोवर गप्प होत्या.

"सारखं वाटून बघितलंसा, माणसं मोजून बघितलंसा," त्या म्हणाल्या. "आता ज्याला त्याला इचारून बघूया की."

तेव्हापासून दर एप्रिलला वर्षाचा खर्च फळ्यावर लिहायचा. प्रत्येक घरानं झेपेल तो आकडा बिननावाच्या चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचा. बेरीज कमी पडली तर पुन्हा चिठ्ठ्या. पैसेही दर महिन्याला बंद पाकिटातून पेटीत पडत. चिठ्ठ्यांच्या पहिल्या वर्षी तिसऱ्या फेरीला बेरीज जमली. अक्कांनी लगेच सगळ्या चिठ्ठ्या फाडून खताच्या खड्ड्यात टाकल्या. "अक्षर ओळखायला येतंय मला," त्या म्हणाल्या, "म्हणून ठेवायच्या न्हाईत."

चिठ्ठ्यांच्या आधी आठवडाभर त्या घरोघरी जायच्या. मी काम करत होतो तो कारखाना बंद पडला, त्या वर्षी आमच्याकडेही आल्या. नोकरीचा विषय त्यांनी काढला नाही. निघताना मला विचारलं, "पोरीची फी भरलास?"

"भरली."

"मग झालं की. चिठ्ठीवर खरं लिही. मोठेपणा लिहिलास तर पुढच्या महिन्यात तुझंच पाकीट रिकामं पडंल, आणि तू आमचं तोंड चुकवत फिरशील."

मी आदल्या वर्षीच्या निम्मा आकडा लिहिला. डबा उघडला तेव्हा माझे कान तापले होते. बेरीज पहिल्याच फेरीत जमली. कुणीतरी माझा वाटा उचलला होता. मी सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं. सगळे ताक पीत होते. कोण ते मला आजही ठाऊक नाही.

गेल्या श्रावणात अक्का चार दिवसांच्या आजारानं गेल्या. एप्रिल आला तेव्हा घरोघरी जायचं काम सगळ्यांनी माझ्यावर टाकलं. चिठ्ठ्यांची पद्धत बसलेलीच होती. मला वाटलं, घरटी पाच मिनिटं पुरतील.

कोपऱ्यातल्या घरात जाधवकाका राहतात. बँकेतून निवृत्त झालेले, दोघंच नवरा-बायको. दिवाळीला अंगणात माळा लावायलाही ते कुरकुरायचे, म्हणून मी त्यांना मनातल्या मनात चिकट म्हणत आलो होतो.

काका म्हणाले, "यंदा माझं थोडं कमीच हाय. भावाचा खर्च वाढलाय."

"कुठल्या भावाचा?"

"थोरला. डोक्यानं अधू हाय. मिरजेला ठेवलाय, अकरा वर्षं झाली." ते माझ्याकडे बघत राहिले. "अक्कांना सगळं ठाऊक हुतं. तुम्हाला बोलल्या न्हाईत?"

"नाही," मी म्हणालो. "कधीच नाही."

काकांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसू लागले. मला अजून तीन घरं करायची होती. मी उठलो नाही.